देवाला न विचारता

सकाळी दसरा मैदानावर आलात, तर कोपऱ्यातल्या निंबाखाली पाच-सहा बायकांचं कोंडाळं दिसेल आणि त्यांच्या मधोमध जमिनीवर आडवी पडलेली एक स्कूटी. अपघात वगैरे काही नाही. गाडी मुद्दाम पाडलेली असते. पाडणारी बाई तिथेच उभी असते. पायात बूट, गळ्यात शिट्टी, कुर्त्याच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. ती माझी धाकटी बहीण.

"गिर गई ना? अब उठाओ," ती म्हणते.

"दीदी, पहले चलाना तो सिखाओ!"

"चलाना कल. आज गिराना और उठाना."

बायका हसतात, एकमेकींना कोपर मारतात. मग एक जण पदर खोचून पुढे होते. बहीण तिला दाखवते, एक हात हँडलला, दुसरा मागच्या दांडीला, कमर सरळ ठेवायची आणि जोर गुडघ्यांतून लावायचा. गाडी अर्धी उठते, पुन्हा बसते. "म्हके डर लागे, दीदी," बाई म्हणते. "लागू दे," बहीण म्हणते, "डर को बाजू में खड़ा रहने दे, तू गाड़ी उठा." आणि कधीतरी गाडी उभी राहते. तेव्हा त्या बाईचा चेहरा बघावा. गाडी एक वीतही चाललेली नसते, तरी ती कुठूनतरी पोचल्यासारखी दिसते.

बायका पडायलाच भितात, मग ते पहिल्याच दिवशी उरकून टाकायचं, असं बहिणीचं म्हणणं. ना तिचा बोर्ड आहे, ना दुकान. घरकाम आटपून, मुलांना शाळेत पोचवून बायका येतात, एक दुसरीला घेऊन येते.

तिची आणखी एक रीत आहे. मैदानात गोल फेऱ्या जमल्या, की रस्त्यावर जायच्या दिवशी ती मागे बसते आणि विचारते, "कहाँ जाना है?" जवळजवळ सगळ्या एकच उत्तर देतात, "जहाँ आप बोलो." की बहीण हात पुढे करून किल्ली काढून घेते. "मैं नहीं बोलूँगी." त्या बाईने स्वतः एक ठिकाण सांगेपर्यंत किल्ली हिच्या मुठीत.

एक बाई अशीच सीटवर बसून राहिली. दोन मुलांची आई, चांगली हसरी, बोलकी. बाजारात ती सासूबरोबर जायची, देवळात नवऱ्याबरोबर आणि शाळेत मुलांसाठी. स्वतःला कुठे जायचंय, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं, मग तिने तरी कुठून सांगावं. बाकीच्या बायका कंटाळून निघून गेल्या. शेवटी ती हळूच म्हणाली, "देवास गेट. बस अड्डे पे."

"किसी को लाना है?"

"नहीं. वो बस देखनी है जो मेरे मायके जाती है."

दोघी गेल्या. बस भरेपर्यंत, सुटेपर्यंत उभ्या राहिल्या आणि परत आल्या. बहिणीने हे मला आणि माझ्या बायकोला जेवताना सांगितलं. "वहिनी, बस निघाली ना, तर ती अशी हसून राहिली होती, जशी स्वतःच चालवून राहिली असेल."

हे ऐकताना बहिणीचा मला अभिमान वाटतो. पण तो अभिमान मी कधी तोंडाने बोलून दाखवला नाही, कारण तो बाळगायचा हक्क मला नाही. का नाही, ते मी वर्षानुवर्षं कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आता घरात सांगून झालंय, म्हणून इथे लिहितोय.

आमचे पूर्वज दरबारी दप्तरातले कारकून. माळव्यात येताना त्यांनी देव आणले आणि देवाला विचारायची रीतही आणली. घर बांधायचं, मुलगी द्यायची, नोकरी बदलायची, ऑपरेशन करायचं, काहीही असो, आमच्याकडे फुलं लावत. अंगणात दोन कण्हेरी आहेत, एक पांढरी, एक तांबडी. दोन्हींचं एकेक फूल वेगवेगळ्या खाकऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, पानात गुंडाळायचं, दोऱ्याने बांधायचं आणि दोन्ही पुड्या देवापुढे ठेवायच्या. ज्याचा प्रश्न असेल त्याने डोळे मिटून एक उचलायची. पांढरं निघालं तर हो, तांबडं निघालं तर नाही. दुसरी पुडी उघडायची नाही, ती तशीच निर्माल्यात जाते. पुड्या बांधायचं काम घरातल्या मोठ्या पुरुषाचं. वडील त्या सगळ्यांसमोर बांधत, फुलं आधी हातावर ठेवून दाखवत. ते गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. लोकांनी बघितलं की माझे हात थरथरत, म्हणून मी देवघरात एकटाच बसून बांधायला लागलो. कोणाला त्यात काही वाटलं नाही. घरातल्या माणसावर कोण पहारा ठेवतो?

वडील गेले त्याच वर्षी आईला झटका आला. डावी बाजू गेली. माझं नुकतंच लग्न झालं होतं, फ्रीगंजमध्ये एका ऑफिसात नोकरी होती. आणि त्याच दिवसांत बहिणीला नोकरी लागली. नर्मदेच्या बाजूला डोंगरात मुलींची एक निवासी शाळा होती, तिथे विज्ञानाची शिक्षिका. ती धावतच घरात आली. "दादा, राहायला खोलीपण देऊन राहिलेत! खिडकीतून डोंगर दिसतो म्हणे!"

मी म्हटलं, "फुलं लावू या."

"लाव ना," ती म्हणाली. तिला खात्री होती. इतकं चांगलं काही मिळालेलं असताना देव कशाला नाही म्हणेल?

मी देवघरात बसलो. पहिल्या पानात तांबडं ठेवलं, दोरा बांधला. दुसऱ्या पानासाठी हात पुढे केला आणि परडीतून पुन्हा तांबडंच उचललं. पांढरी फुलं बाजूलाच होती. हात चुकला असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलंय. हात चुकला नव्हता. ही गेली तर आईला उचलायचं कोणी, तिचं सगळं करायचं कोणी, नव्या बायकोला हे कसं सांगायचं, असं डोक्यात चाललं होतं. सरळ सांगायचं तर मला भीती वाटत होती.

तिने डोळे मिटून एक पुडी उचलली. उघडली. फूल तळहातावर घेऊन थोडा वेळ बसली. मग म्हणाली, "ठीक आहे दादा. आईला पण मी लागतेच ना." दुसरी पुडी मी निर्माल्यात टाकली.

आई पुष्कळ वर्षं अंथरुणावर होती. तिचं सगळं बहिणीने केलं, आणि कुरकुर न करता केलं. आम्ही तिचं कौतुक करायचो. पण तिच्यात काहीतरी बदलत गेलं, आणि ते काय होतं हे फक्त मला कळत होतं. एवढी मनापासून हवी असलेली गोष्ट देवानेच नाकारली, म्हणजे आपल्याला जे हवंसं वाटतं ते चुकीचंच असणार, असं तिने धरून घेतलं. मग ती प्रत्येक गोष्टीत फुलं लावायला सांगू लागली. दाताच्या डॉक्टरकडे जाऊ का? मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला जाऊ का? पुलापलीकडे एकटीने जायची वेळ आली की तिला घाम फुटायचा. बँकेत गेली की काउंटरवरच्या माणसाने काही विचारायच्या आतच मागे वळून माझ्याकडे बघायची. या सगळ्या पुड्या मात्र मी प्रामाणिकपणे बांधल्या. जसं काही त्याने हिशेब फिटणार होता.

आई गेल्यावर तर तिला दिवसच उरला नाही. घडी घातलेले कपडे पुन्हा उलगडून घडी घालायची. दुपारी गॅलरीत उभी राहायची आणि कोणी विचारलं, काय बघतेस, तर म्हणायची, "काही नाही, उभी आहे." माझी बायको एकदा मला म्हणाली, "अहो, तुमच्या बहिणीला काही तरी काम शोधा. ती जगत नाहीये, थांबलीय." मी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

मग एका श्रावणी सोमवारी सवारी, म्हणजे देवाची पालखी, निघाली होती. म्हणजे जुन्या शहरातले सगळे रस्ते बंद, पोलिसांचे दोर, माणसांचा समुद्र. मी ऑफिसात अडकलो होतो. घरी बायकोला दम्याचा झटका आला. रिक्षा मिळेना, फोन लागेना. बायकोची स्कूटी अंगणात उभी, पेट्रोल भरलेली, आणि ती चालवता येणारी एकटी बाई श्वासासाठी तडफडत होती. बहिणीने तिला खांद्याला धरून, थांबत थांबत, गर्दीतून वाट काढत दवाखान्यात नेलं. वाटेत फुगे विकणाऱ्याचं स्टूल मागून घेऊन तिला बसवलं. बायको वाचली.

चार दिवसांनी आम्ही चहा पीत होतो, तर बहीण म्हणाली, "दादा, मी गाडी शिकून राहिले."

माझ्या तोंडून सवयीने निघालं, "फुलं लावू?"

"नको. देवाला कुठे गाडी चालवायचीय? मला चालवायचीय."

बायको फिस्सकन हसली. मी मात्र तिच्याकडे बघतच राहिलो. इतक्या वर्षांत तिने मला पहिल्यांदा नको म्हटलं होतं.

शिकणं सोपं गेलं नाही. चाळिशी उलटलेली, आयुष्यात सायकलही न चालवलेली. बायको मागून कॅरिअर धरून पळायची आणि ओरडायची, "हॉर्न नाही, ब्रेक! अगं ब्रेक!" मैदानाच्या फाटकाशीच ती गाडीसकट पडली. तिथे क्रिकेट खेळणारी पोरं हसली. "आंटी, आउट!" त्यांनीच येऊन गाडी उचलली. घरी आली तेव्हा ढोपर सोललेलं होतं, पण त्याचं तिला काही नव्हतं. "पडले त्याचं नाही, वहिनी," ती म्हणाली. "माझी गाडी त्यांना उचलावी लागली, ते नाही चाललं मला."

दुसऱ्या दिवशी तिने अंगणात गाडी हळूच आडवी केली आणि उचलू लागली. उचलायची, पुन्हा पाडायची, पुन्हा उचलायची. बायको आतून ओरडली, "अहो, बघा तरी, ही गाडीशी कुस्ती खेळतेय!" कोणी सांगितलं नव्हतं, कुठे वाचलं नव्हतं. तिचं तिने शोधून काढलं. आठवडाभरात ती गाडी एकटीने उभी करू लागली, आणि त्यानंतर तिची चालवायची भीती कुठे गेली कोणास ठाऊक. शेजारची सून भिंतीवरून हे सगळं बघत होती. तिने विचारलं, "दीदी, मुझे भी सिखाओगे?" असं ते सुरू झालं.

गाडी आली तसं बाकीचंही येत गेलं. बँकेत एकटी जाऊ लागली. एकदा तिथल्या माणसाशी भांडूनही आली आणि घरी येऊन ते रंगवून सांगितलं. घरात वाद निघाला की ती आता आपलं मत सांगायची, आणि ते माझ्यासारखं नसायचं. आमच्या गुरुजींनी विचारलं, "ताई, फुलं लावणं बंद केलंत म्हणे?" तर म्हणाली, "देवाला रोज नमस्कार करते, गुरुजी. माझी कामं त्याच्यावर ढकलत नाही." गुरुजी हसले आणि दक्षिणा न घेताच चहा पिऊन गेले.

एक गोष्ट मात्र तिने तशीच ठेवली होती. ती शाळेची नोकरी. तिचा विषय निघाला की म्हणायची, ते देवानेच थांबवलं होतं. त्याबद्दल तिला वाईट वाटत नसे. मला ते ऐकून बरं वाटायचं, हेही कबूल करतो. तिने सगळं स्वतः तपासायला घेतलं होतं आणि माझी लबाडी तेवढी सुटली होती.

गेल्या वर्षी माझ्या मुलीला हैदराबादला नोकरी लागली. घरापासून कधी लांब न राहिलेली मुलगी. रात्र रात्र झोपेना, जेवेना. एका रविवारी सकाळी ती आत्याजवळ येऊन बसली. मी समोरच पेपर वाचत होतो.

"आत्या, तू फुलं लावून दे ना. बाबांचा हात थरथरतो."

"मी नाही लावत आता, माहीत आहे ना तुला."

"पण तुझ्या वेळी लावली होती. आणि तूच म्हणतेस की बरं झालं."

मी पेपरावरून बघितलं. सगळ्या बायकांच्या मुठीत किल्ली परत देणारी माझी बहीण विचारात पडली होती. "तेव्हा खरं म्हणजे बरंच झालं," ती हळूहळू म्हणाली. "गेले असते तर आईचं काय झालं असतं? ते चुकलं असं मी कसं म्हणू." मग म्हणाली, "जा, आण फुलं. या एका वेळी लावू."

मुलगी अंगणात गेली. माझ्या एका पुडीमुळे आता दुसरी पुडी बांधली जाणार होती. माझी मुलगी पुढची पंधरा-वीस वर्षं त्या फुलाच्या आज्ञेत घालवणार होती, आणि बहिणीने एवढ्या कष्टाने मिळवलेलं तिच्या स्वतःच्याच हातून जाणार होतं.

"थांब," मी म्हटलं. "तुझ्या वेळी दोन्ही तांबडी होती."

"काय?"

"दोन्ही पुड्यांत. मी तशीच बांधली होती."

मुलगी दारात परतली होती, ओंजळीत कण्हेर घेऊन. बायको कणकेच्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. बहीण माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अवघड गणित सोडवताना माणूस बघतो तशी बघत होती.

"म्हणजे मी कुठलीही उचलली असती तरी?"

"हो."

"का पण?"

"भीती वाटली. आईला सांभाळायची. तू गेलीस तर सगळं माझ्यावर येईल, त्याची."

ती उठून उभी राहिली. खिडकीशी गेली, परत आली. "मग हे बोलायचं होतंस ना, दादा. 'मला भीती वाटते, नको जाऊ.' एवढंच. मी राहिले असते. कदाचित राहिले असते. पण मग ते राहणं माझं असतं ना रे." तिचा आवाज तिथे फाटला. "इतकी वर्षं मला वाटलं, माझ्या मनाला काही कळतच नाही."

माफ कर म्हणणंसुद्धा त्या वेळी मागणं वाटलं असतं.

तिने डोळे पुसले आणि मुलीकडे वळली. "फुलं देवाला वाहून टाक. नुसती वाहा, काही विचारू नको. आणि आता नोकरीचं कोणालाच विचारू नको. मलापण नको."

"पण मला खरंच कळत नाहीये, आत्या."

"कळेल. नाही कळलं तर न कळता ठरव. चुकलीस तर तुझी चूक असेल, तुला ती दुरुस्त करता येईल. दुसऱ्याची चूक नाही करता येत, बेटा. ती दिसतच नाही."

मुलीने त्या आठवड्यात नोकरीचा विषय कोणाशी काढला नाही. मग एक दिवस जेवताना सांगितलं, मी हो कळवलंय. भीती वाटते का, बायकोने विचारलं. "वाटते ना, खूप," ती म्हणाली आणि आणखी एक पोळी मागून घेतली. ती आता तिकडेच आहे. रडत फोन करते, हसत ठेवते.

बहीण त्यानंतर माझ्याशी लागेल तेवढंच बोलायची. "दादा, जेवायला." "दादा, नळ गेला." मैदानावर जाणं तिने एक दिवसही चुकवलं नाही. पावसाळा सरल्यावर तिने जाहीर केलं की फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या बघितल्या आहेत आणि ती तिथे राहायला चालली आहे. बायको रडली. नातेवाइकांचे फोन आले, या वयात भावाने बहिणीला काढलं म्हणून. ज्यांनी ज्यांनी विचारलं त्यांना मी सगळं सांगितलं. काहींनी नंतर फोन करणं बंद केलं.

जायच्या दिवशी मी तिची ट्रंक टेंपोत ठेवत होतो. ती म्हणाली, "रागावून नाही चालले. राग आहे, पण त्यासाठी नाही जाऊन राहिले. मला बघायचंय, माझं घर मी कसं लावते."

तिने ते छान लावलंय. पलंग खिडकीला लावलाय, म्हणजे सकाळचं ऊन पायावर येतं. भिंतीला तिने स्वतः निवडलेला गडद हिरवा रंग आहे, जो मला आवडत नाही आणि तिला फार आवडतो. दुपारी बायका येतात, गाडी शिकून झालेल्यासुद्धा, आणि तिथे मोठमोठ्याने बोलतात. मी गेलो की आवाज जरा कमी करतात, मग बहीण म्हणते, "बोलो, बोलो, मेरे भाई हैं, डरने जैसे नहीं हैं." बायका हसतात. मीही हसतो.

मी रविवारी जातो. फोन करून विचारतो, येऊ का. एकदा ती म्हणाली, नको, आज मला एकटीला राहायचंय, तर मी गेलो नाही.

परवा गेलो तर तिने पोहे केले होते, वर शेव आणि जीरावन मसाला. बशी हातात देऊन समोर बसली. खूप दिवस मनात असलेलं मी विचारून टाकलं.

"तू मला माफ केलंस का?"

लहानपणी ती असं काही विचारलं की पटकन हो म्हणायची, भावाला वाईट वाटू नये म्हणून. आता तिने विचार केला. खरोखर केला, मला दिसत होता.

"अजून नाही ठरवलं, दादा," ती म्हणाली. "ठरलं की मीच सांगीन. तू विचारू नको."

"बरं," मी म्हटलं.

"पोहे खा, थंड होऊन राहिलेत."